गेमिंग संगणकाची चाचणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. सुटे भाग निवडून जुळवलेला गेमिंग संगणक घरी आला, सुरू झाला, गेमही चालला; पण मोजलेल्या पैशांच्या मानाने तो हवे तेवढे काम करतो आहे की नाही, हे कसे ओळखायचे, अशी शंका अनेकांनी विचारली आहे. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ६००० वेगाची ३२ जीबी डीडीआर५ रॅम आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड असा संगणक मी दुकानातून असेंबल करून घेतला. दुकानदाराने एक गेम लावून दाखवला, तो उत्तम चालला. घरी आल्यावर मात्र वाटू लागले की, ‘उत्तम चालला’ ही काही चाचणी नव्हे. सुरुवात नेमकी कुठून करावी? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ग्राफिक्स कार्ड नवे असले की कोणताही गेम पहिल्या दहा मिनिटांत चांगलाच दिसतो, कारण तुलनेला आपल्याकडे जुना संगणक असतो. म्हणून आधी वेग मोजण्याच्या मागे न लागता, बिलावर लिहिलेले भाग कॅबिनेटमध्ये आहेत का आणि ते पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी लावले आहेत का, हे पाहावे. सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही दोन छोटी, मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेशी आहेत. प्रोसेसरचे व ग्राफिक्स कार्डाचे नाव, कार्डावरील मेमरी (आपल्या कार्डावर १२ जीबी), रॅमच्या स्टिकांची संख्या आणि त्या कोणत्या खाचांत बसवल्या आहेत, हे सारे त्यांत दिसते. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन स्टिक सामान्यतः प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्या लागतात. शेजारी शेजारी बसवल्या, तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच वाहिनीवर चालतात आणि प्रोसेसरला रॅमकडून मिळणारा पुरवठा निम्म्यावर येतो.

यानंतर रॅमचा वेग पाहावा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा चूक येथेच सापडते. ६००० असे छापलेली डीडीआर५ रॅम बोर्डावर बसवली म्हणजे आपोआप ६००० वर चालत नाही. ती बहुधा ४८०० या मूळ वेगावर सुरू होते. छापील वेग मिळवायचा, तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या, बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी नावाचे प्रोफाइल चालू करावे लागते. पुष्कळ दुकानांत घाईमुळे हे राहून जाते, आणि ग्राहक वर्षानुवर्षे त्याच वेगावर संगणक वापरत राहतो. सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर ३००० च्या आसपासचा आकडा दिसला, तर घाबरू नये. तेथे घड्याळाचा (क्लॉकचा) खरा वेग दाखवतात आणि डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. म्हणून ३००० म्हणजेच आपले ६०००. तेथे २४०० दिसले, तर मात्र प्रोफाइल बंद आहे असे समजावे. ते चालू केल्यानंतर पहिल्यांदा संगणक सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. बोर्ड त्या वेळी नव्या वेगासाठी रॅमची जुळणी करत असतो. या काळात घाईने बटण दाबून तो बंद करू नये.

हे झाल्यावर मोजमापाकडे वळावे. प्रोसेसरसाठी सिनेबेंच, ग्राफिक्स कार्डासाठी थ्रीडीमार्क आणि प्रत्यक्ष खेळासाठी ज्यात स्वतःची चाचणी अंतर्भूत आहे असा एखादा गेम (सायबरपंक २०७७ मध्ये अशी चाचणी आहे) एवढे साहित्य पुरते. तपमान, घड्याळाचा वेग आणि विजेचा वापर नोंदवण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो पार्श्वभूमीला चालू ठेवावे. प्रत्येक चाचणी किमान तीन वेळा घ्यावी. गेममधील पहिली फेरी मोजणीत धरू नये, कारण त्या फेरीत गेम आपले शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करत असतो आणि फाइल प्रथमच डिस्कवरून रॅममध्ये येत असतात. उरलेल्या फेऱ्यांमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक राहणारच, त्याचा अर्थ लावत बसू नये.

एक साधी वही करावी, एवढा माझा आग्रह आहे. तारीख, खोलीचे तपमान, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, गेममधील रिझोल्यूशन व सेटिंग्ज आणि मग निकाल, असे एका ओळीत लिहावे. पुढे काहीही बदलायचे झाले, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि नवी ओळ लिहावी. कोणत्या परिस्थितीत आला हे लिहून न ठेवलेल्या आकड्याशी सहा महिन्यांनी कशाचीच तुलना करता येत नाही.

प्रश्न : माझ्या संगणकाचा टाइम स्पाय चाचणीतील गुण, त्याच ग्राफिक्स कार्डाच्या एका व्हिडिओत दाखवलेल्या गुणापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी आला. मला दुय्यम दर्जाचे कार्ड मिळाले आहे का? माझा मॉनिटर फुल एचडी आहे, त्यामुळे तर असे होत नसेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मॉनिटरचा यात काही संबंध नाही. टाइम स्पाय ही थ्रीडीमार्कमधील, २०१६ सालची चाचणी असून मॉनिटर कोणताही असला, तरी ती आतल्या आत २५६० बाय १४४० या रिझोल्यूशनवरच चित्र तयार करते.

एकूण गुणाकडे पाहण्यापूर्वी त्याखालचे दोन आकडे पाहावेत. टाइम स्पायचा एकूण गुण ग्राफिक्स आणि प्रोसेसर या दोन गुणांपासून बनतो. त्यात ग्राफिक्सचा वाटा ८५ टक्के आणि प्रोसेसरचा १५ टक्के धरलेला असतो. व्हिडिओतील संगणकात आठ किंवा त्याहून अधिक गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर असेल आणि आपल्याकडे सहा गाभ्यांचा, तर दोन्ही कार्डे सारखीच असूनही एकूण गुणात तफावत पडेल. म्हणून केवळ ग्राफिक्स गुणाची तुलना करावी. त्यातही समोरचे कार्ड कारखान्यातूनच वाढीव वेगाने आलेले होते का, व्हिडिओ करणाऱ्याने स्वतः वेग वाढवला होता का, कॅबिनेट उघडे होते का, हे पाहावे लागते. एवढ्या कारणांनी दोन निर्दोष कार्डांत चार-पाच टक्के सहज जातात. ग्राफिक्स गुणच दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर मात्र तपास करावा : कार्ड खालच्या, कमी मार्गिकांच्या (माहिती वाहणाऱ्या लेनच्या) खाचेत बसवलेले नाही ना, त्याची वीजजोडणी पक्की आहे ना, आणि तापल्यावर त्याचे घड्याळ मंदावत नाही ना.

शेवटची शंका फेडण्यासाठी थ्रीडीमार्कच्या सशुल्क आवृत्तीत ताणचाचणी आहे. तीत तोच प्रसंग सलग २० वेळा चालवला जातो आणि सर्वांत मंद फेरी सर्वांत वेगवान फेरीच्या किमान ९७ टक्के असली, तरच संगणक उत्तीर्ण ठरतो. एका फेरीतील मोठ्या गुणापेक्षा मला हा निकाल अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपण गेम एक मिनिट खेळत नाही, दोन तास खेळतो. थ्रीडीमार्कमध्येच २०२४ मध्ये आलेली स्टील नोमॅड ही चाचणी आधुनिक कार्डांसाठी अधिक योग्य आहे. मात्र तिचे गुण टाइम स्पायच्या गुणांशी ताडून पाहू नयेत, दोन्हींची मापे वेगळी आहेत.

प्रश्न : गेममध्ये कोपऱ्यातील आकडा ९० ते १०० फ्रेम्स दाखवतो, तरीही मध्येच गचके बसतात. गाडी वेगाने वळवताना चित्र क्षणभर थबकते. आकडा चांगला असताना असे का व्हावे? रॅम १६ जीबीची एकच स्टिक आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कोपऱ्यातील आकडा म्हणजे एका सेकंदात किती फ्रेम्स, म्हणजे किती चित्रे, तयार झाली याची सरासरी आहे, आणि सरासरी गचके लपवते. एक सेकंद घेऊन हिशोब करू. त्या सेकंदात १०० फ्रेम्स आल्या. त्यांपैकी ९९ फ्रेम्सना प्रत्येकी ८ मिलिसेकंद लागले, म्हणजे ७९२ मिलिसेकंद झाले. उरलेल्या एका फ्रेमने २०८ मिलिसेकंद घेतले. सरासरी अगदी १०० फ्रेम्स प्रतिसेकंद आली, आणि तरीही आपण एक पंचमांश सेकंद गोठलेल्या चित्राकडे पाहत होतो. वळणावर गाडी रस्त्याबाहेर जायला एवढा वेळ पुरतो.

म्हणून फ्रेम्सची संख्या मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ पाहावा. ६० फ्रेम्ससाठी प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत, तर १४४ फ्रेम्ससाठी सुमारे ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिवाट्यूनर यांच्या साह्याने हा वेळ खेळतानाच आलेखाच्या रूपात पडद्यावर दाखवता येतो. निरोगी संगणकावर ती रेषा जवळजवळ सपाट, किंचित थरथरणारी दिसते. गचका बसतो त्या क्षणी तिच्यातून सुईसारखे टोक वर येते, आणि हाताला जाणवलेले डोळ्यांना दिसते. पाच-दहा मिनिटांची तपशीलवार नोंद करायची असेल, तर कॅपफ्रेमएक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. ते सरासरीबरोबर ‘एक टक्का नीचांक’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सवरून काढलेला वेगही देते. सरासरी १०० आणि एक टक्का नीचांक ७५ असेल, तर खेळ गुळगुळीत वाटतो. सरासरी १०० आणि नीचांक ३० असेल, तर आपल्यासारखे पत्र लिहावे लागते.

आता आपल्या संगणकापुरते बोलायचे, तर पहिला संशय त्या एकट्या स्टिकवरच जातो. दोन वाहिन्यांऐवजी एकाच वाहिनीवर रॅम चालली की सरासरी थोडी घटते, पण नीचांक अधिक घसरतो, कारण प्रोसेसरला ऐन गर्दीच्या क्षणी माहितीची वाट पाहत थांबावे लागते. तरीही लगेच खरेदीला धावू नये. टोके कधी येतात ते आधी बघावे. गेमच्या नव्या भागात प्रथमच शिरल्यावर येत असतील आणि त्याच भागात दुसऱ्यांदा गेल्यावर येत नसतील, तर ते शेडर तयार होण्याचे काम आहे, यंत्राचा दोष नव्हे. ग्राफिक्स कार्डाची मेमरी काठोकाठ भरल्यावर येत असतील, तर टेक्स्चरची पातळी एका पायरीने उतरवून पाहावे. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवला असेल, तर तो एसएसडीवर हलवावा. ही तिन्ही कारणे बाद झाली आणि टोके तशीच राहिली, तर शक्यतो त्याच मॉडेलची दुसरी स्टिक आणावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे मित्राकडून एका संध्याकाळपुरती जोडी उसनी घेऊन पाहावी.

प्रश्न : मे महिन्यात रायझन ५ ७६०० वर सिनेबेंच चालवले, तेव्हा प्रोसेसर ८४ अंशांवर गेला. पुण्यातील मित्राकडे तोच प्रोसेसर आणि तोच कूलर असून त्याच्याकडे डिसेंबरात ७२ अंश आले होते. माझा कूलर बदलून घ्यावा का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : अकोल्याचा मे लक्षात न घेता या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. हवेने थंड होणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक आटोक्यात ठेवतो. खोली दहा अंशांनी तापली, तर त्याच भाराखाली प्रोसेसरही साधारण दहाच अंशांनी वर जातो. आपल्या खोलीत त्या वेळी ३८ अंश असतील, तर फरक ४६ अंशांचा झाला. मित्राच्या खोलीत २६ अंश असतील, तर त्याचाही फरक ४६ अंशांचाच. दोन्ही कूलर सारखेच काम करत आहेत. म्हणून नोंद करताना ‘८४ अंश’ असे न लिहिता ‘खोलीपेक्षा ४६ अंश वर’ असे लिहावे, म्हणजे दिवाळीतील चाचणी उन्हाळ्यातील चाचणीशी ताडता येते. त्यासाठी कॅबिनेटच्या समोर, हवा आत जाते तेथे एक साधा तापमापक टांगावा. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिच्याजवळ पोहोचल्यावर तो स्वतःच घड्याळ मंद करतो, जळत नाही.

तपमान किती झाले यापेक्षा ते कसे चढले, यावरून दोष अधिक लवकर सापडतो. चाचणी सुरू होताच दोन-तीन सेकंदांत ते मर्यादेला भिडले, तर प्रोसेसर आणि कूलर यांचा एकमेकांशी नीट संपर्कच झालेला नाही. शेजारच्या इमारतीतील एका विद्यार्थ्याने आपला नवा संगणक मला दाखवायला आणला होता. चाचणीचे बटण दाबले, आणि तिसऱ्या सेकंदाला ९५. कूलर सोडवून उलटा केला, तेव्हा तांब्याच्या चकाकत्या तळावर पारदर्शक फिल्म तशीच होती, तिच्यावर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा राखाडी ठिपका पसरलेला, आणि कडेला बारीक अक्षरांत बसवण्यापूर्वी काढून टाकण्याची सूचना. फिल्म सोलली, जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, आणि त्याच खोलीत तोच प्रोसेसर ७६ अंशांवर स्थिरावला. त्या मुलाने तीन आठवडे हा संगणक तसाच वापरला होता.

याउलट तपमान पंधरा-वीस मिनिटे हळूहळू चढत राहिले, तर कूलर ठीक आहे आणि कॅबिनेटमधील गरम हवा बाहेर पडत नाही, असे समजावे. आपल्या घरी उदबत्ती असेलच. ती पेटवून जाळीपासून वीतभर अंतरावर धरावी. पुढच्या जाळीपाशी धूर आत ओढला गेला पाहिजे, आणि मागच्या पंख्यापाशी तो दूर ढकलला गेला पाहिजे. राख आत पडू देऊ नये. पुढचा पंखा उलटा बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. पंख्याच्या ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर येते, एवढे लक्षात ठेवले की ही चूक होत नाही. विदर्भात घरोघरी चालणाऱ्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नये. त्यातील ओलावा आणि बारीक तुषार मदरबोर्डला उन्हापेक्षा अधिक घातक ठरतात.

प्रश्न : साधे काम करताना काही होत नाही, परंतु ग्राफिक्सची चाचणी लावली की दोन-तीन मिनिटांत संगणक एकदम बंद पडतो. प्रोसेसर रायझन ५ ७६००, कार्ड आरएक्स ७८०० एक्सटी आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) ७५० वॉटचा आहे. वीज वारंवार जाते म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस लावला आहे, तो बंद पडण्यापूर्वी टूं-टूं वाजतो. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसते. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : कर्नेल-पॉवर ४१ या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही. अचानक वीज गेली तरी तीच नोंद होते. खरे कारण आपण स्वतःच लिहिले आहे, ते म्हणजे यूपीएसचा आवाज.

यूपीएसवर छापलेला ६०० व्हीए हा आकडा म्हणजे ६०० वॉट नव्हे. या आकाराचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट देतात. हा दुसरा आकडा मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतो. आता आपल्या संगणकाची भूक मोजू. ग्राफिक्स कार्डाची निर्धारित वीज २६३ वॉट, प्रोसेसर पूर्ण भाराखाली सुमारे ८८ वॉट, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक धरले, तर चारशे वॉट झाले. एसएमपीएस शंभर टक्के कार्यक्षम नसतो. त्याची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर आत ४०० वॉट पोहोचवण्यासाठी तो बाहेरून साधारण ४५५ वॉट ओढतो. मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल, तर आणखी तीस-एक वाढवावेत. गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी कळसाला जात नाहीत, म्हणून रोजच्या खेळात हा यूपीएस कसाबसा निभावत असेल. चाचणीत मात्र तो हात टेकतो. एसएमपीएस ७५० वॉटचा असल्याने यूपीएसवरचा भार कमी होत नाही. ७५० ही त्याची देण्याची कमाल क्षमता आहे.

खात्री करून घेण्यासाठी वीज स्थिर असेल अशा वेळी, अर्थिंग चांगले असलेल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये संगणक थेट जोडून तीच चाचणी एकदा घ्यावी. संगणक टिकला, तर यूपीएस बदलावा, आणि नवा घेताना व्हीए न पाहता वॉट पाहावेत. आपल्यासाठी ६०० वॉट किंवा त्याहून अधिक लागतील. आधुनिक एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असते, आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींशी त्यातील काहींचे जमत नाही. तेव्हा परवडत असल्यास शुद्ध साइन लहरी देणारा यूपीएस घ्यावा. थेट जोडूनही संगणक बंद पडला, तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंदींची फाइल चालू करून चाचणी पुन्हा घ्यावी आणि बंद पडण्यापूर्वीची शेवटची ओळ वाचावी. तपमान मर्यादेला टेकलेले दिसले, तर दोष थंडाव्यात आहे. सारे आकडे सामान्य असतील, तर कार्डाच्या वीजकेबली काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात आणि तरीही फरक न पडल्यास दुसरा एसएमपीएस लावून पाहावा.

प्रश्न : रायझन ५ ५६००जी वर दोन वर्षे भागवले आणि आता आरटीएक्स ४०६० कार्ड घातले. स्पर्धात्मक नेमबाजीच्या गेममध्ये कार्डाचा वापर जेमतेम ६० टक्के दिसतो. कार्ड आळशी आहे की सदोष? जीपीयू-झेडमध्ये जोडणी ‘१.१’ अशी दिसते, तेही कळले नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दोन्हीपैकी काही नाही, कार्ड प्रोसेसरची वाट पाहत आहे. हे सिद्ध करायला एक सोपी कसोटी आहे. गेमचे रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. चित्र लहान झाल्याने कार्डाचे काम पुष्कळ घटते. तरीही फ्रेम्स जवळजवळ तितक्याच राहिल्या, तर मर्यादा प्रोसेसरची आहे. फ्रेम्स उड्या मारून वाढल्या, तर कार्डाची. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतो, म्हणून तो मोकळा आहे असे मानू नये. आपल्या प्रोसेसरला बारा धागे (थ्रेड) आहेत, म्हणजे तो एका वेळी बारा कामे हाताळतो. गेमचा मुख्य धागा एकच असेल आणि तो पूर्ण भरला असेल, तरी एकूण वापरात तो केवळ आठ टक्के दिसतो.

५६००जी मध्ये अंगभूत ग्राफिक्ससाठी जागा देताना एल३ कॅशे (प्रोसेसरमधीलच जलद मेमरी) १६ एमबीवर ठेवला आहे. ५६०० या साध्या प्रोसेसरमध्ये तो ३२ एमबी आहे, आणि अशा गेममध्ये त्याचा फरक जाणवतो. शिवाय ५६००जी पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाची, तिसरी पिढीच हाताळतो. आरटीएक्स ४०६० ला आठच मार्गिका असल्याने, चौथ्या पिढीवर सेकंदाला सुमारे १६ जीबी मिळणारा पुरवठा आपल्याकडे सुमारे ८ जीबींवर येतो. कार्डाची मेमरी पुरेशी मोकळी असेतो याचा त्रास फारसा होत नाही, ती भरल्यावर होतो. ‘१.१’ चे कारण साधे आहे : हा आकडा त्याच मार्गाची पिढी दाखवतो, आणि कार्ड रिकामे असताना वीज वाचवण्यासाठी जोडणी पहिल्या पिढीच्या वेगापर्यंत मंदावते. त्या रकान्याशेजारील प्रश्नचिन्हाच्या बटणावर टिचकी मारून छोटी चाचणी सुरू करावी, म्हणजे खरा आकडा, आपल्या बाबतीत ३.०, दिसू लागेल.

प्रोसेसर बदलण्यापूर्वी, कार्ड ४० टक्के मोकळे आहे त्याचा फायदा घ्यावा. चित्राचा दर्जा वाढवला तरी फ्रेम्स फारशा घटणार नाहीत. फ्रेम जनरेशन चालू करून मिळालेला वाढीव आकडा मात्र वहीत लिहू नये. त्या फ्रेम्स दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये रचलेल्या असतात. चित्र मऊ दिसते, पण माउसच्या हालचालीला गेम पूर्वीपेक्षा लवकर प्रतिसाद देत नाही, आणि नेमबाजीत महत्त्व त्यालाच आहे.

प्रश्न : माझा मुलगा नव्या संगणकावर रात्रभर कसल्यातरी चाचण्या लावून ठेवतो. पडद्यावर केसाळ कडे गरगर फिरत असते आणि पंख्यांचा आवाज दुसऱ्या खोलीपर्यंत येतो. याने काही बिघडणार नाही ना, आणि विजेचे बिल किती येईल? (एक माता, ठाणे)

उत्तर : बिलाचे आधी सांगतो. असा संगणक पूर्ण भाराखाली ४०० वॉट घेतो असे धरले, तर आठ तासांत ३.२ युनिट खर्च होतात. एखाद्या रात्रीपुरते ते फार नाही, रोजचे झाले तर महिन्याला ९६ युनिट होतील.

आपण वर्णन केलेले केसाळ कडे म्हणजे फरमार्क ही चाचणी. ती ग्राफिक्स कार्डावर कोणताही गेम टाकत नाही इतका भार टाकते, त्यामुळे तिच्यातून खेळण्याच्या वेगाबद्दल काहीच कळत नाही. थंडाव्याची व्यवस्था आणि एसएमपीएस ताण सोसतात का, एवढेच कळते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत आणि त्या वेळी संगणकासमोर जागे माणूस असावे. तापू लागल्यास आधुनिक कार्डे स्वतःला आवरतात, तेव्हा आजवर काही बिघडले असेल अशी भीती बाळगू नये. मात्र झोपेत असताना पूर्ण भाराची यंत्रे चालू ठेवणे कोणत्याच घरात योग्य नाही. हे त्याला रागावून न सांगता आकड्यांनिशी सांगितले, तर तो नक्की ऐकेल, कारण या मुलांना आकड्यांचेच वेड असते.

रात्रीची वेळ खरोखर लागते ती रॅमच्या चाचणीला. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालवतात आणि रॅमवर चार फेऱ्या पूर्ण व्हायला कित्येक तास लागतात. या चाचणीत कार्ड जवळजवळ रिकामे असते, पंखे शांत असतात आणि वीजही कमी लागते. त्याने रॅमचे वाढीव प्रोफाइल चालू केले असेल, तर ही चाचणी घेणे आवश्यकच आहे, कारण रॅममधील एखादी चूक गेममध्ये दिसत नाही, ती महिन्याभराने बिघडलेल्या फाइलच्या रूपाने समोर येते. सकाळी पडद्यावर चुकांची संख्या शून्य असली पाहिजे. एक चूकही चालत नाही. तेवढी एक रात्र त्याला द्यावी.